कॉलरला लागणारा वेळ

सदर व्यक्ती स्त्री आहे. वय चाळिशीच्या अलीकडे, उंची बेताची, दृष्टी चष्म्यासह समाधानकारक. शिक्षण सातवी उत्तीर्ण. आठवीबाबत माहिती उपलब्ध नाही. विवाहित, पती हयात असून सायंकाळनंतर घरी आढळतो. व्यवसाय तयार कपड्यांच्या कारखान्यात कुशल कामगार, श्रेणी पहिली. विशेष प्रावीण्य शर्टाला कॉलर बसवणे. जागतिक पुरवठा साखळीतील स्थान शेवटून दुसरे. तिच्यावर अवलंबून असणाऱ्या व्यक्ती: मुलगा, मुलगी, सासू, तसेच परदेशातील एक शर्टांची कंपनी; शेवटच्या नोंदीला कंपनीची मान्यता नाही. वर्तणूक चांगली. तिच्याविरुद्ध कोणीही, कधीही, कोणतीही तक्रार केलेली नाही, आणि खरी अडचण तीच आहे. तक्रार झाली असती तर तिला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

घरात तिला थोरली म्हणतात, कारण तिच्यानंतर धाकटी आली. दोघी सख्ख्या जावा. घर दोन खोल्यांचं. मधल्या भिंतीत दाराची जागा आहे, पण दार नाही, पडदा आहे. आतल्या खोलीत थोरली, तिचा नवरा आणि दोन मुलं. बाहेरच्या खोलीत धाकटी, तिचा नवरा, त्यांची लहान मुलगी आणि सासू. सासूची खाट पडद्याला लागून आहे, म्हणजे दोन्हीकडचं बोलणं सारखंच ऐकू येतं. ही मांडणी सासूनेच केली आहे. थोरला भाऊ वेल्डिंगच्या दुकानात कामाला. धाकटा मिळेल ते काम करतो, आणि मिळालं नाही तर ते का मिळालं नाही हे सविस्तर सांगतो.

धाकटीला कारखान्यात थोरलीनेच चिकटवलं होतं. सुपरवायझरपुढे उभी राहून ती म्हणाली होती, ‘माझी जाऊ आहे, शिकेल.’ धाकटी शिकली. तिचा हात बेताचा होता, पण काम स्वच्छ, आणि जीभ पहिल्या श्रेणीची. साहेब मजल्यावरून फेरी मारून गेले की त्यांच्यामागे ती त्यांची चाल बोटांनी टेबलावर करून दाखवायची, आणि अख्खी लाइन हसू दाबत शिवायची.

धाकटीचा पगार सुरू झाल्यापासून घरातली हवा जराशी बदलली होती. भाजीची पिशवी पुढ्यात टाकताना सासू आता आधी ‘दमलीस का गं?’ असं विचारायची. उत्तर ऐकून घ्यायची नाही, पण विचारायची. धाकटीच्या मनात एकच गोष्ट होती. थोरलीची मुलं ज्या शाळेत जातात, त्याच शाळेत तिला आपल्या लहानीला घालायचं होतं. नवऱ्याच्या कामाचा भरवसा नव्हता. लाइनवरची जागा टिकली तर शाळा, नाही तर नाही, इतका सरळ हिशेब होता तो.

आता कारखान्याची एक रीत सांगायला हवी.

नवीन शर्टाची ऑर्डर आली की प्रत्येक कामाला किती वेळ लागतो हे ठरवायला एक माणूस यायचा. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद. त्याला सगळ्या बायका घड्याळवाला म्हणत. कॉलरला इतका वेळ, कफला इतका, बाह्या जोडायला इतका, असं तो लिहून घेई. त्यावरून दिवसाचं टार्गेट ठरे. टार्गेटवरून ठरे की पाणी प्यायला उठता येईल की नाही.

तर घड्याळवाला जिना चढू लागला की दाराशी बसणारी इस्त्रीवाली खोकायची. कापडाच्या धुळीने तिथे सगळ्याच खोकत, त्यातला कामाचा खोकला कोणता हे ओळखायला नव्या मुलीला थोडे दिवस लागत. मग तो खोकला लाइनभर पुढे सरके, आणि बघता बघता सगळ्यांचे हात जड होत. सुईत दोरा जाईना. बॉबिन नेमकी तेव्हाच संपे. कात्र्या खाली पडत आणि टेबलाखाली लांबवर जाऊन बसत. घड्याळवाला हे सगळं गंभीर चेहऱ्याने मोजून घेई. बायका नाटक करतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून आलेल्या वेळातून तो नाटकापुरता थोडा वेळ वजा करी. तो वजा करतो हे बायकांना ठाऊक होतं, म्हणून त्या तेवढं जास्तीचं नाटक करत. असा हा करार. तो कुठेही लिहिलेला नव्हता, त्यामुळे सगळे तो पाळत होते.

या नाटकात थोरली सगळ्यांत पटाईत. तिचा हात लाइनमध्ये सगळ्यांत वेगवान, म्हणून घड्याळ नेहमी तिच्याचपुढे धरलं जायचं. मन लावून, दात ओठांवर दाबून, कपाळाला आठ्या घालून ती इतकं हळू शिवायची की बघणाऱ्याला तिची दया यावी. तिच्या त्या हळू हातावर लाइनमधल्या सगळ्या बायकांचं पाणी पिणं चालत होतं.

पाहुणी आली त्या दिवशी सकाळी घरात एक साधी गोष्ट घडली. चहा चालला होता. थोरली चष्मा शोधत होती आणि चष्मा तिच्या डोक्यावर होता. धाकटी म्हणाली,

‘ताई, आता हातांनाही पेन्शन द्या. काल कॉलर उलटताना टोक सापडत नव्हतं तुम्हाला. मला कळेना, या चष्मा शोधतायत की कॉलर.’

थोरलीचा नवरा हसला. सासू खाटेवरून हसली. थोरलीचा मुलगा तर चहा सांडेपर्यंत हसला. थोरलीही हसली. हसण्याची ही एक सोय असते, राग त्यात व्यवस्थित मावतो.

पाहुणी म्हणजे ज्या कंपनीचे शर्ट तिथे शिवले जात त्या कंपनीकडून आलेली बाई. आठवडाभर आधी संडास रंगवून झाले होते. पाहुणी मात्र संडास बघायला गेलीच नाही. साहेब तिला घेऊन सरळ कॉलरच्या लाइनवर आले. बरोबर कॅमेरा घेतलेला एक माणूस, आणि दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करायला ऑफिसातली एक मुलगी.

साहेब म्हणाले, ‘या आमच्या सगळ्यांत चांगल्या कारागीर.’

थोरलीने आजूबाजूला बघितलं. कारागीर कोण हे तिला चटकन कळलं नाही.

पाहुणीने एक प्लास्टिकचा क्रेट उपडा केला आणि त्यावर बसली. थोरलीच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. ती काहीतरी बोलली. ऑफिसातली मुलगी म्हणाली,

‘त्या म्हणतात, त्यांच्या आजीला हे काम यायचं. आता त्यांच्या देशात हे कोणालाच येत नाही.’

‘मग शर्ट कसे घालतात?’ थोरलीने विचारलं.

‘विकत घेऊन,’ मुलगी म्हणाली. हे तिने पाहुणीला सांगितलं नाही.

‘त्या म्हणतात, तुमचे हात बघायला त्या इतक्या लांबून आल्यात.’

हे खरं असण्याचं काही कारण नव्हतं. पण थोरलीच्या हातांबद्दल आजवर जे काही बोललं गेलं होतं ते उशीर, डाग आणि टार्गेट यांच्या संदर्भात होतं, आणि ताजं म्हणाल तर त्याच सकाळी पेन्शनच्या संदर्भात. कोणी लांबून ते बघायला आलं आहे, ही कल्पना तिच्या डोक्यात शिरली आणि तिथेच बसली.

दाराशी इस्त्रीवाली खोकली.

लाइनमध्ये तिसऱ्या मशीनवरून खोकला आला. मग पाचव्या. थोरलीच्या मागच्याच मशीनवर धाकटी बसायची. तिने कात्री खाली टाकली. ती ठणकन वाजली. थोरलीने हे सगळं ऐकलं. ऐकू आलं नाही असं ती पुढे म्हणणार होती, म्हणून इथे नोंदवून ठेवतो की ऐकलं.

मग तिने मशीनच्या पायडलवर पाय दाबला.

ज्यांनी ते पाहिलं त्या सांगतात की तसं शिवणं त्यांनी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. कॉलर तिच्या हाताखाली आली आणि गेली. टोकं आपोआप निघाली. वळणावर बाकीच्या थांबतात, तिथे ती थांबली नाही. एक झाली, दुसरी झाली, थप्पीच्या थप्पी झाल्या. कॅमेऱ्याच्या माणसाला तिच्या हाताबरोबर कॅमेरा फिरवता येईना. लाइन सगळी थांबली होती आणि मजल्यावर एकच मशीन वाजत होतं. एक कॉलर बसवताना तिने मान किंचित मागे वळवली, हात न थांबवता, धाकटीकडे बघायला. कॅमेऱ्यात ते आलेलं नाही. धाकटीच्या नजरेत आलं.

पाहुणीने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, म्हणजे मुलगी म्हणाली, ‘त्या विचारतात, तुमचा हात हातात घेऊ का?’

थोरलीने हात पदराला पुसून पुढे केला.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले गेले. इस्त्रीवाली थोरलीच्या शेजारी येऊन बसली.

‘माझा खोकला ऐकू आला नाही वाटतं?’

‘मशीनचा आवाज होता गं.’

‘तेच म्हणते मी,’ इस्त्रीवाली म्हणाली, ‘फार आवाज होता.’

आणि तिने आपला डबा उचलून दुसरीकडे नेला. धाकटी तिथेच बसून राहिली, थोरलीच्या डब्यातलं लोणचं उचलून खात. ती फक्त एवढंच म्हणाली, ‘ताई, पेन्शनचं मी मागे घेते हं. पण हे जरा जास्तच झालं.’

पुढचे काही दिवस काही झालं नाही. मग फळ्यावर नवीन टार्गेट लागलं. आकडा बघून आधी सगळ्यांना वाटलं की लिहिणाऱ्याचा हात चुकला. एकीने जाऊन विचारलं. हात चुकलेला नव्हता.

घड्याळवाला संध्याकाळी थोरलीच्या मशीनशी आला. घड्याळ खिशात होतं.

‘बाई, इतकी वर्षं मी तुमचा खरा वेळ पकडला नाही. तुम्हाला वाटत असेल मला पकडता आला नाही.’

थोरली मशीनवरचे दोऱ्याचे तुकडे झाडत राहिली.

‘आता माझी गरज राहिली नाही. त्या फिल्मवरून सगळं मोजून झालंय. ती फिल्म त्यांच्या सगळ्या कारखान्यांत पाठवलीये. तुम्ही आता एकाच वेळी चार देशांत काम करता.’ त्याने खिशातलं घड्याळ चाचपलं. ‘पगार एकाच देशातला.’

‘मला काय माहीत, त्या फिल्म कशाला घेतायत ते?’

‘नव्हतं माहीत?’

हा प्रश्न त्याने खरोखरच विचारला होता. टोमणा असता तर बरं झालं असतं. काही दिवसांनी घड्याळवाल्याला दुसरीकडे बदली मिळाली, असं म्हणतात. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे कोणी म्हणत नाही.

थोरलीला बढती मिळाली. पद: प्रशिक्षक. तिला पाठीला टेकू असलेली खुर्ची आली आणि निळ्याऐवजी हिरवा ॲप्रन आला. पगारही वाढला. घरात आतल्या खोलीत नवीन पंखा लागला आणि मुलीची शिकवणी सुरू झाली. पडद्याच्या अलीकडे वारा आणि पलीकडे उकाडा अशी स्थिती झाल्यावर सासूने खाट थोडी आत सरकवली. जग जवळ आल्यामुळे देशादेशांतली दरी वाढते की प्रत्येक देशाच्या आतली, यावर जाणकारांची मतं वेगवेगळी आहेत. त्या घरात दोन्हींची सोय एका पडद्याने केली होती.

धाकटीला नवीन टार्गेट जमेना. बाकीच्या कशाबशा जवळपास पोचत, पाणी सोडून, संडास सोडून, बोलणं तर सोडूनच. साहेबांची चाल टेबलावर करून दाखवायला आता कोणाकडे बोटं रिकामी नव्हती. धाकटी सुट्टीची घंटा झाल्यावरही बसायची, विनामोबदला, आणि तरी मागे राहायची. साहेबांनी थोरलीला सांगितलं, तुमच्या जावेच्या मागे उभ्या राहा आणि शिकवा.

म्हणून थोरली हातात टॅब घेऊन धाकटीच्या मागे उभी राहिली. टॅबवर थोरलीचेच हात होते.

‘ताई, ही फिल्म हळू लावता येते का हो?’

‘येते. हे बघ.’

फिल्ममधले हात हळू झाले. धाकटीने बघून घेतलं.

‘मग अशीच लावून साहेबांना दाखवा ना एकदा.’

थोरली हसली नाही. धाकटीच हसली, आणि वळणावर तिची शिलाई वाकडी गेली.

‘उसव,’ थोरली म्हणाली.

‘उसवते. तुम्ही जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडते कामावर.’

महिन्याच्या शेवटी सुपरवायझरने काढून टाकायच्या बायका ठरवल्या. धाकटी पहिली होती. थोरली साहेबांच्या केबिनमध्ये गेली. केबिन काचेची होती आणि आत इतकं गार होतं की तिने पदर नाकाशी धरला आणि तिच्याच श्वासाने चष्म्यावर वाफ धरली. साहेब दिसेनासे झाले. तिला ते सोयीचंच वाटलं.

‘साहेब, तिला कॉलरवरून काढा. बाजूची सरळ शिलाई द्या. तिथे ती मागे पडणार नाही. काम स्वच्छ आहे तिचं.’

‘सरळ शिलाईला जागा नाही बाई.’

‘करा ना काहीतरी. तिच्या पोरीची शाळा आहे हो.’

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याच्यावरही कोणीतरी होतं, आणि त्या कोणीतरीवर आणखी कोणीतरी, आणि सगळ्यांत वरचा माणूस कोण हे त्यालाही माहीत नसावं. तो म्हणाला, ‘एक काम आहे. कंपनीने आणखी एका देशात कारखाना घेतलाय. तिथल्या बायकांना कॉलर शिकवायची आहे. इथूनच, स्क्रीनवरून. तुम्ही शिकवा. नीट शिकवलंत तर मी तुमच्या जावेची जागा बघतो.’

‘इतक्या लांब कशाला नेतात काम?’

‘तिथे मजुरी कमी आहे. ते लोक गरीब आहेत.’

‘आपल्यापेक्षा?’

‘आपल्यापेक्षा.’

आपल्यापेक्षाही कोणी आहे, हे ऐकून थोरलीला क्षणभर बरं वाटलं. ते बरं वाटणं तिच्या इतकं लक्षात राहिलं, की पुढे कधीतरी ती नवऱ्याला ते सांगायला गेली होती. नवऱ्याला ती काय सांगते आहे हे कळलं नाही. तो म्हणाला, ‘बरं वाटलं तर चांगलंच आहे की.’

शिकवायच्या दिवशी मीटिंगच्या खोलीत एक मशीन आणून ठेवलं. त्यावर शिकणारी म्हणून कोणीतरी बसायला हवं होतं. साहेबांनी धाकटीला बसवलं. म्हणाले, जिला येत नाही तीच बरी. खोलीत साहेब, ऑफिसातली मुलगी, थोरली आणि धाकटी. समोर भिंतीवर मोठा स्क्रीन.

स्क्रीन उजळला. तिकडे ओळीने बायका बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यातली मशीनं थोरलीला ओळखीची वाटली. एकावर फिकट झालेलं फुलाचं स्टिकर होतं. ते इथल्याच लाइनमधल्या कोणीतरी चिकटवलं होतं. इथली जुनी झालेली मशीनं तिकडे नवीन म्हणून गेली होती.

थोरलीने शिकवलं. मन लावून शिकवलं. धाकटीच्या हातांवर हात ठेवून तिने वळण दाखवलं, टोक कसं काढायचं ते दाखवलं. तिकडच्या बायका माना हलवत होत्या. त्यांच्यात पहिल्या ओळीत एक बाई होती, साधारण थोरलीच्याच वयाची, समोरचे दोन दात नसलेली. सगळं झाल्यावर तिने हात वर केला आणि काहीतरी विचारलं. तिच्या आजूबाजूच्या बायका खुसखुसल्या. तिकडचा दुभाष्या सांगायला तयार होईना, मग हसत हसत सांगितलं. ऑफिसातल्या मुलीने कोऱ्या चेहऱ्याने ते मराठीत आणलं.

‘त्या विचारतात, वेळ मोजायला माणूस येतो तेव्हा तुमच्याकडे काय करतात? त्यांच्याकडे म्हणे अशा वेळी सगळ्यांचे दोरे तुटतात.’

तिकडे मोठ्याने हसू फुटलं. दात नसलेली बाई थोरलीकडे बघून डोळे बारीक करून हसत होती. जशी एखादी मावशी लग्नघरात दुसऱ्या मावशीकडे बघते, की तुला तर सगळं ठाऊकच आहे. फिल्ममध्ये थोरलीचे हात बघून तिला काहीतरी शंका आली असणार. हे असं कसं झालं, एवढंच तिला विचारायचं होतं. धाकटीने मशीनवरून मान वर केली. तिच्या तोंडावर कित्येक आठवड्यांत आलं नव्हतं ते हसू येऊ घातलं होतं.

साहेबही हसत होते. पण ते थोरलीकडे बघून हसत होते.

थोरली म्हणाली, ‘आमच्याकडे असलं काही नसतं. आम्ही मनापासून काम करतो.’

मुलीने ते तिकडच्या दुभाष्याला सांगितलं. दुभाष्याने बायकांना सांगितलं. दोन टप्प्यांत जाणाऱ्या वाक्याला पोचायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ तिकडच्या बायका हसत राहिल्या. मग थांबल्या. दात नसलेल्या बाईने तोंड मिटलं, दोनदा मान हलवली आणि समोरचं कापड हातात घेतलं. चूक आपलीच झाली, असं तिला वाटलेलं दिसत होतं.

साहेब म्हणाले, ‘छान.’

त्याच संध्याकाळी सरळ शिलाईवरची जागा नक्की झाल्याचं सुपरवायझर येऊन सांगून गेला. कंपनीच्या बसमध्ये दोघी जावा नेहमीसारख्या शेजारी बसल्या. थोरलीने खिडकीकडची जागा धाकटीला दिली, एरवी ती देत नसे.

‘झालं बघ काम,’ थोरली म्हणाली. ‘सोमवारपासून तुला सरळ शिलाई. डोळे मिटूनही करशील.’

धाकटी बाहेर बघत होती.

‘अगं, ऐकतेस ना?’

‘ऐकते ना. मला सगळं ऐकू येतं.’

थोड्या वेळाने धाकटी म्हणाली, ‘ती बाई किती छान हसत होती, नाही?’

‘साहेब समोर होते गं. मी काय बोलणार होते? तुझी जागा गेली असती.’

‘म्हणजे माझ्यासाठी बोललात.’

‘मग कोणासाठी?’

‘त्या दिवशी पाहुणीसमोर शिवलंत, तेही माझ्यामुळेच. मी पेन्शन म्हटलं म्हणून. मागे वळून बघितलंत ना, तेव्हाच कळलं मला.’ धाकटीचा आवाज चढला नव्हता. पुढच्या सीटवरच्या बाईला झोप लागली होती आणि ती तशीच झोपून राहिली. ‘तेव्हा माझ्यावर रागावून, आज माझ्या मायेपोटी. ताई, मला दोन्ही झेपत नाहीत हो. त्यात ती तिकडची बिचारी. ती कुठे तुम्हाला काय म्हणाली होती?’

थोरलीला खूप काही सांगायचं होतं. हात बघायला कोणी आलं की कसं होतं, ते सांगायचं होतं. त्या क्षणी लाइन, टार्गेट, तू, कोणी कोणी डोक्यात नसतं, नुसता हात असतो, असं काहीतरी. पण ते मनातल्या मनात म्हणून बघितल्यावर तिला स्वतःलाच ते इतकं लाजिरवाणं वाटलं की ती म्हणाली, ‘उद्या पोरीच्या शाळेत विचारून येऊ आपण.’

धाकटी म्हणाली, ‘बघू.’

सोमवारी सकाळी धाकटी उठली, चहा केला, सगळ्यांना दिला आणि मुलीची वेणी घालत बसून राहिली. बसची वेळ झाली तरी तिने साडी बदलली नाही.

‘काय गं, जायचं नाही का?’ सासूने विचारलं.

‘नाही.’

‘बरं नाही का?’

‘बरी आहे.’

धाकट्याने नोकरीचं महत्त्व या विषयावर बरंच काही सांगितलं. धाकटीने ते मुलीच्या वेणीचा शेवटचा पेड घालेपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, ‘तुम्ही जाता का माझ्या जागी? सरळच शिलाई आहे.’

थोरली पडद्याशी उभी होती, हिरवा ॲप्रन हातावर टाकून.

‘हट्ट करू नकोस. जागा राखून ठेवलीये तुझ्यासाठी. पोरीचं तरी बघ.’

‘पोरीचंच बघतेय,’ धाकटी म्हणाली. ‘मोठी झाल्यावर ती विचारेल, आई तुला जागा कशी मिळाली. मला सांगता येणार नाही, ताई. तुमची बस जाईल.’

थोरली निघाली. बस गेली नव्हती. इस्त्रीवालीच्या शेजारची एक सीट तेवढी रिकामी होती, तिथे जाऊन ती उभी राहिली. इस्त्रीवालीने आपली पिशवी सीटवरून उचलली नाही. थोरलीनेही उचलायला सांगितलं नाही.

हंगाम संपायच्या आत कॉलरचं सगळं काम त्या दुसऱ्या देशात गेलं. कॉलरच्या लाइनवर होत्या त्यांतल्या काही कफवर गेल्या, काही घरी. थोरली राहिली. तिला आता तिसऱ्या एका देशातल्या बायकांना शिकवायचं आहे. तो देश दुसऱ्याहूनही गरीब आहे असं साहेब म्हणाले. या वेळी तिने ‘आपल्यापेक्षा?’ असं विचारलं नाही. स्क्रीनसमोर बसलं की ती चष्मा काढून ठेवते. तिकडच्या बायकांचे चेहरे मग नीट दिसत नाहीत, आणि हात शिकवायला चेहरे लागत नाहीत.

कंपनीने वर्षाच्या शेवटी एक गुळगुळीत पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर थोरलीचे हात आहेत, मनगटापर्यंत. आतील मजकुरात म्हटलं आहे, की सदर कारागिराच्या कौशल्याचा लाभ आज अनेक देशांतील भगिनींना मिळत असून, ज्ञानाच्या या मुक्त देवाणघेवाणीमुळे सर्व स्तरांवर संधींची समानता निर्माण झाली आहे. अहवाल वर्षात सदर विभागातून एकाही कामगारास कमी करण्यात आलेले नाही. एक महिला कामगार पर्यायी जागा देऊ केलेली असतानाही वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने सेवेतून बाहेर पडली.

धाकटीची मुलगी शाळेत गेली नाही.